जॅक रसेल टेरिअर: बिळातला कुत्रा नाशिकच्या घरात आणण्याआधी

"घर लहान आहे, म्हणून लहान कुत्रा घ्यायचाय. जॅक रसेल कसा राहील?" हा प्रश्न सध्या वरचेवर कानावर येतो. इंदिरानगरच्या फ्लॅटमधले विचारतात, दिंडोरीकडे मळ्यात राहणारेही विचारतात. पांढरं अंग, तोंडावर तपकिरी किंवा काळा पट्टा, टोकाशी दुमडलेले कान आणि उंची जेमतेम फूटभर. फोटो पाहून कुणालाही वाटेल की हा दिवसभर सोफ्यावर लोळत राहील. मी विचारणाऱ्याला आधी एवढंच सांगते की हा कुत्रा कोणत्या कामासाठी घडवला ते समजून घ्या. त्याचं भुंकणं, उकरणं, हट्टीपणा, उंदराचा वास आला की जग विसरणं, हे सगळं त्या एका कामातून आलंय. ते काम नीट कळलं की त्याला सांभाळायचं कसं, हेही बरंचसं कळतं.

टेरिअर म्हणजे जमिनीखाली शिरून सावज गाठणारा कुत्रा. आपल्याकडे लातूर-सोलापूर भागातले कारवानी आणि पश्मी कुत्रे मोकळ्या माळावर नजरेनं ससा हेरतात आणि निव्वळ वेगाच्या जोरावर त्याला गाठतात. सावज बिळात गेलं की त्यांचं काम संपतं. टेरिअरचं काम तिथून पुढे सुरू होतं.

डेव्हनचा पाद्री आणि दूधवाल्याची कुत्री

जातीला नाव मिळालं ते रेव्हरंड जॉन रसेल यांचं. जॉनला घरात जॅक म्हणतात, तसे हे जॅक रसेल. जन्म १७९५चा, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडल्या डेव्हन परगण्यातला. पेशानं पाद्री, पण घोड्यावर बसून कोल्ह्याच्या शिकारीला जायचा नाद जबरदस्त. ऑक्सफर्डला शिकत असताना जवळच्या मार्स्टन गावात एका दूधवाल्यापाशी त्यांना एक टेरिअर मादी दिसली आणि त्यांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. साल बहुतेक ठिकाणी १८१९ असं सांगितलं जातं. कुत्रीचं नाव ट्रम्प. अंग पांढरं, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद डाग, शेपटीच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा एक ठिपका. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेल्या युवराजाकडे तिचं चित्र होतं आणि ते सँड्रिंगहॅमच्या राजवाड्यात लावलेलं होतं. रसेल पुढे स्विमब्रिज गावचे पाद्री झाले. १८७३ साली इंग्लंडचा केनेल क्लब, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था, निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या सदस्यांत ते होते. तरी स्वतःचे कामाचे कुत्रे त्यांनी प्रदर्शनात मांडले नाहीत. १८८३ मध्ये ते वारले.

आता ती शिकार कशी चालायची ते पाहू, कारण कुत्र्याचा सगळा स्वभाव त्यात आहे.

मोठ्या शिकारी कुत्र्यांचा कळप कोल्ह्यामागे सुटायचा आणि त्यांच्या मागे घोडेस्वार. इथे कोल्हा म्हणजे तिकडचा लाल, झुपकेदार शेपटीचा प्राणी, आपल्या माळावरच्या खोकडाचा भाऊबंद. पळून दमला की तो बिळात घुसायचा. मग टेरिअरला आत सोडायचं. आत जाऊन कोल्ह्याला मारणं हे टेरिअरचं काम नव्हतं. कोल्हा आतच मेला तर पुढचा पाठलाग बुडाला. टेरिअरनं त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं, भुंकून भुंकून त्याला हैराण करायचं आणि तो बिळाबाहेर पडेपर्यंत मागे हटायचं नाही. म्हणजे धाडस हवं, पण रक्तपिपासूपणा नको. ही जोडी साधणं अवघड असतं आणि रसेल यांचं नाव राहिलं ते त्यांना ती साधली म्हणून.

या कामातून कुत्र्याचं शरीर घडलं. पांढरा रंग अशासाठी की चिखलानं माखून बिळातून बाहेर पडलेल्या टेरिअरला कळपानं कोल्हा समजून फाडू नये. छाती अरुंद आणि लवचीक, कारण कोल्हा जिथून गेला तिथून यालाही जायचंय. आजही जाणकार माणूस जॅक रसेलच्या खांद्यामागे दोन्ही हातांनी छातीला वेढा घालून पाहतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत. जागतिक मानकात छातीचा हा घेर ४० ते ४३ सेंटिमीटर सांगितलाय, उंची २५ ते ३० सेंटिमीटर आणि वजन साधारण ५ ते ६ किलो.

मन घडलं तेही याच कामातून. जमिनीखाली आठ-दहा फुटांवर, अंधारात, समोर दात विचकणारा कोल्हा असताना मालकाची हाक ऐकू येत नाही. पुढे सरायचं, थांबायचं की बाजूनं जायचं, हा निर्णय कुत्र्यालाच घ्यावा लागतो. अशा कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला कुत्रा प्रत्येक हुकुमाला मान डोलावणारा कसा निघेल? तो ऐकतो, पण आधी स्वतः विचार करतो. भुंकण्याचंही तसंच. वर उभी असलेली माणसं बिळातला त्याचा आवाज ऐकूनच कुठे खणायचं ते ठरवायची. मुका टेरिअर आतच गाडला जायचा. तेव्हा सोसायटीच्या जिन्यात कुणी पाऊल टाकलं की तुमचा जॅक रसेल जे बोंबलतो, ते त्याच्या मते तो चोख काम करत असतो.

रसेल गेल्यानंतर नावाचा पसारा वाढला. शिकारीवर नेले जाणारे जवळजवळ सगळे पांढरे छोटे टेरिअर जॅक रसेल म्हणवले जाऊ लागले. लांब पायांचे, घोड्यांबरोबर पळणारे ते आज पार्सन रसेल या वेगळ्या नावानं ओळखले जातात. आखूड पायांचा, लांबट बांध्याचा जो आपण जॅक रसेल म्हणून पाहतो, त्याची जोपासना मुख्यतः ऑस्ट्रेलियात झाली. कुत्र्यांच्या जातींना मान्यता देणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघानं, म्हणजे एफसीआयनं, त्याला २००० साली तात्पुरती मान्यता दिली. इंग्लंडच्या केनेल क्लबनं मान्यता द्यायला २०१६ साल उजाडलं. गंमत म्हणजे तोवर इंग्लंडमध्ये कुत्र्यांचा कळप सोडून कोल्हा मारायला कायद्यानं बंदी येऊन दहा वर्षं उलटली होती. काम गेलं, स्वभाव मात्र जसाच्या तसा राहिला.

जुन्या तबकड्यांवर भोंग्यासमोर कान टवकारून बसलेला कुत्रा ज्यांना आठवतो, त्यांच्यासाठी एक माहिती: तो निपर. १८८४ सालचा, ब्रिस्टल गावचा. संकर होता, पण टेरिअर घराण्यातलाच. आपल्या आजी-आजोबांनी नाट्यपदं ऐकता ऐकता जो कुत्रा रोज पाहिला, तो या मंडळींचा नातलग.

घरात आल्यावर

माझ्या मावसभावाचा मोहाडी शिवारात मळा आहे आणि त्याच्याकडे चिंगी नावाची जॅक रसेल मादी आहे. कांदाचाळ खालून हवा खेळावी म्हणून जमिनीपासून उंच असते आणि त्या पोकळीत उंदीर-घुशी मुक्कामाला असतातच. चिंगी काम करते तेव्हा पाहत राहावं. चाळीच्या कडेनं नाक जमिनीला लावून चालत येते. एका जागी थबकते. शेपूट ताठ, मागचे पाय थरथरतात, एक पुढचा पाय हवेत. मावसभाऊ म्हणतो, "चिंगे, चल गं, भाकरी खा." तिचा कानही हलत नाही. मग एकदम उकरणं सुरू होतं आणि माती तिच्या पोटाखालून मागे दोन-तीन हातांवर उडते. घूस बाहेर आली की मानगूट, एक झटका आणि काम संपलं. घूस वजनानं चांगली दांडगी असते आणि चावतेही, पण चिंगी नाकावर रक्ताचा ओरखडा घेऊन पुढच्या बिळाकडे निघालेली असते.

हीच चिंगी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एकटी कोंडली तर काय होईल? ती गादी उकरेल, दार कुरतडेल, बाल्कनीतून दिसणाऱ्या प्रत्येक मांजरावर भुंकेल. लोक त्याला खोडी म्हणतात. मला तो बेकारीचा त्रास वाटतो.

फ्लॅटमध्ये जॅक रसेल राहू शकतो, पण त्याला रोज किमान तासभर खरी धावपळ लागते आणि त्याहून जास्त नाकाला काम लागतं. गंगापूर रोडच्या जॉगिंग ट्रॅकवर साखळीनं बांधून दोन फेऱ्या मारल्या की तुम्ही दमता, तो नाही. त्यापेक्षा त्याचं अर्धं जेवण वाटीत न देता घरभर लपवा. जुन्या गोधडीच्या घडीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात, उलट्या कुंडीखाली. वीस मिनिटं हुंगून शोधलं की तो जितका शांत झोपतो तितका तासभर चालूनही झोपत नाही. गच्ची किंवा अंगण असेल तर एका कोपऱ्यात जुन्या टबात वाळू भरून द्या आणि तिथे खेळणी पुरा. उकरणं बंद करता येत नाही, त्याची जागा ठरवून देता येते.

शिकवताना आवाज चढवून उपयोग नसतो. थोडा वेळ, दिवसातून चार-पाचदा, हातात उकडलेल्या चिकनचा कण आणि दर वेळी तोच शब्द. "ये" म्हटल्यावर आला की बक्षीस मिळालंच पाहिजे. तरीही मोकळ्या जागेत साखळी सोडू नका. पांडवलेणीच्या डोंगरावर याच्या नाकाला मुंगसाचा वास लागला की शिकवलेलं सगळं हवेत विरतं. मुंगूस, ससा, खोकड हे सगळे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहेत, त्यामुळे त्यांच्यामागे कुत्रा लागू न देणं ही मालकाची जबाबदारी आहे.

लहान मुलांबरोबर हा छान खेळतो, पण शेपूट ओढणं, अंगावर पडणं तो मुकाट सोसत नाही. पाच-सहा वर्षांखालचं मूल घरात असेल तर मोठं माणूस जवळ हवंच. घरात पांढरे उंदीर, पक्षी किंवा ससे पाळलेले असतील तर जॅक रसेल आणूच नका. आणि दुसरा कुत्रा घ्यायचा झाला तर शक्यतो विरुद्ध लिंगाचा घ्या, कारण दोन टेरिअर माद्यांचं वैर लागलं की ते सहजी मिटत नाही.

नाशिकमधले चार धोके

या जातीबद्दल परदेशात लिहिलेलं वाचून कुत्रा पाळणाऱ्याला आपल्या जिल्ह्यातल्या काही गोष्टी कुणी सांगत नाही. द्राक्ष आणि कांदा ही आपली दोन मुख्य पिकं आणि कुत्र्यासाठी दोन्ही विषारी.

द्राक्षाचं आधी. जानेवारीपासून बागा तोडणीला आल्या की वेलीखाली गळालेले मणी पसरलेले असतात. पिल्लू ते चेंडूसारखे खेळवतं आणि गिळतं. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कारण बरीच वर्षं कोडं होतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं आणि ते बाहेर टाकणं कुत्र्याच्या मूत्रपिंडांना जमत नाही. हे आम्ल वाणानुसार आणि पिकण्यानुसार कमी-जास्त होतं, म्हणून एका कुत्र्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि दुसरा थोडक्यात आडवा होतो. "आमचा तर नेहमी खातो" या वाक्यावर विसंबू नका. चिंचेतही हेच आम्ल असतं, त्यामुळे चिंचेची चटणी आणि चिंचेची आंबट आमटीही नको. शिऱ्यातले बेदाणे, प्रसादाच्या द्रोणातल्या मनुका हे तर घरोघरचं आहे.

खाल्ल्यावर पहिल्या दिवसात उलट्या होतात, मग कुत्रा मलूल पडतो आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत होत थांबते. लघवी थांबेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो. खाल्लं हे कळल्याबरोबर, लक्षण दिसायच्या आधी, डॉक्टरकडे न्या. ते उलटी करवतात आणि सलाईन सुरू करतात. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच जीव जाऊ शकतो.

कांद्याचं विष वेगळ्या वाटेनं जातं. कांद्या-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा, शिजलेला, तळलेला, वाळवून पूड केलेला, सगळ्या रूपांत हा गुण टिकतो. पाच-सहा किलोच्या कुत्र्याला एक मोठा कांदा पुरेसा होतो आणि रोज थोडं थोडं पोटात गेलं तरी साचत जातं. चाळीखाली पडलेले सडके कांदे हा एक मार्ग. दुसरा मार्ग आपल्या स्वयंपाकघरातून जातो. रविवारच्या रश्श्यातला चिकनचा तुकडा आपण प्रेमानं पुढे करतो, पण तो कांदा-लसणाच्या वाटणात मुरलेला असतो. मिसळीचा कट लागलेला पावही तसाच. कुत्र्यासाठीचं चिकन मसाला घालण्याआधी वेगळं काढायचं.

इथे एक मोठी फसगत होते. कांद्याची लक्षणं बहुधा काही दिवसांनी दिसतात: हिरड्या फिक्या पडतात, धाप लागते, लघवी लालसर-तपकिरी होते. गोचीड तापातही अगदी हेच दिसतं आणि गोचीड ताप आपल्याकडे पाचवीला पुजलेला. त्यामुळे डॉक्टरांकडे गेल्यावर गेल्या आठवड्यात कुत्र्यानं काय काय खाल्लं ते न विसरता सांगा.

तिसरा धोका सापाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत आणि जिथे उंदीर तिथे साप. दुसरा कुत्रा साप पाहून लांबून भुंकतो. टेरिअर तोंड पुढे घेऊन जातो, म्हणून त्याला दंश बहुतेक तोंडावर नाही तर पुढच्या पायावर होतो. माणसासाठी जी प्रतिसर्पविष लस या चार सापांवर बनते, तीच कुत्र्यालाही देतात. तेव्हा आपल्या भागात कोणत्या डॉक्टरकडे ती असते, रात्री कोण दार उघडतं, हे कुत्रा आणला त्याच आठवड्यात विचारून ठेवा. दंश झाला तर चिरा देऊ नका, दोरी आवळू नका, कुत्र्याला चालवू नका. उचलून न्या.

चौथा धोका उंदरांसाठी ठेवलेल्या औषधाचा. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. ब्रोमॅडिओलोननं रक्त गोठणं थांबतं आणि ते काही दिवसांनी कळतं, पण वेळेत ध्यानात आलं तर के-१ जीवनसत्त्वानं कुत्रा वाचतो. पुडीचं वेष्टन डॉक्टरांना दाखवायला जपून ठेवा. जिथे टेरिअर पाळलाय तिथे ही औषधं मुळात ठेवूच नयेत. बागेत फवारणी झाली की त्या दिवशी कुत्रा बांधून ठेवायचा, कारण पायाला लागलेलं औषध तो चाटतो. उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून नेहमीच्या लसींमध्ये लेप्टोची लस आहे ना, ते विचारून घ्या. रेबीजची लस वयाच्या तिसऱ्या महिन्यात आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे.

रोजची देखभाल

इथे फार कष्ट नाहीत. गुळगुळीत केसांच्या कुत्र्याला आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश पुरतो, पण केस भरपूर गळतात आणि काळ्या पँटला सुईसारखे टोचून बसतात. खरबरीत केसांचा असेल तर मेलेले केस वर्षातून दोन-तीनदा बोटांनी उपटून काढावे लागतात. मशीन फिरवलं की केसांचा पोत बिघडतो. एप्रिल-मेमध्ये डांबर तापायच्या आत, सातच्या आधी फिरवून आणा. पांढऱ्या कुत्र्याचं नाक आणि पोटाची गुलाबी कातडी उन्हानं भाजते. हिवाळ्यात निफाडकडे पारा घसरतो तेव्हा आखूड केसांच्या कुत्र्याला रात्री घरात घ्या.

खाणं मोजून द्या. सहा किलोच्या धावत्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० किलोकॅलरी लागतात. तूप लावलेल्या दोन पोळ्यांतच त्यातला निम्म्याच्या आसपास भाग संपतो आणि प्रथिनं फारशी मिळत नाहीत. अंडी, चिकन, मासे किंवा चांगलं तयार खाद्य मुख्य ठेवा, पोळी नावापुरती.

जात काटक आहे. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या २०२२च्या अभ्यासात ब्रिटनमधल्या जातींची जन्मापासूनची सरासरी आयुर्मर्यादा काढली, तेव्हा जॅक रसेल १२.७ वर्षांनी सगळ्यांत वर होता. तरी तीन आनुवंशिक दुखणी ओळखता आली पाहिजेत. पळता पळता तीन पायांवर उडी मारून पुन्हा नीट चालू लागला तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. एक डोळा लाल, बारीक केलेला, धुरकट दिसला तर डोळ्यातलं भिंग निसटलेलं असू शकतं. ऐन उमेदीतल्या टेरिअरलाही हे होतं आणि यात सकाळपर्यंत थांबलं तर दृष्टी जाते. तिसरं जन्मजात बहिरेपण. पांढऱ्या रंगाशी त्याचा संबंध आहे, कारण आतल्या कानातही रंगपेशी लागतात.

पिल्लू निवडताना हे सगळं कामाला येतं. ओळखीतल्या एका कुटुंबानं "टॉय जॅक रसेल" म्हणून चढ्या भावात पिल्लू घेतलं आणि ते वाढून भलतंच काही निघालं. टॉय असा प्रकार या जातीत नाही. आई दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार पैदासकाराची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. भिंग निसटण्याच्या दोषाची जनुकीय चाचणी असते, ती आईबापांची केली आहे का ते विचारा. शेपटी छाटलेली असेल तर का छाटली तेही विचारा. पूर्वी बिळातून ओढून काढायला मुठीत मावेल एवढी शेपूट ठेवायचे, आज त्याला काही कारण उरलेलं नाही. आणि पिल्लू भावंडांपासून वेगळं घेऊन, त्याची पाठ तुमच्याकडे असताना किल्ल्यांचा जुडगा वाजवून पाहा. भावंडांत असताना बहिरं पिल्लू इतरांचं पाहून वळतं, एकट्यात ते कळून येतं. एकाच कानानं ऐकणारं पिल्लू मात्र यातूनही निसटतं, त्यासाठी श्रवणाची खास चाचणी लागते.